टिपणीसांची उघडी दारं

मंजुषाची आणि शैलेंद्र टिपणीसांची पहिली भेट झाली ती टिपणीस मरत असताना.

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत राहायला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. ऑक्टोबरातला रविवार, दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मंजुषा मागच्या अंगणात उभी राहून पडलेली पानं गोळा करावीत, की घर पानांच्या नावावर करून आपण परत जर्सी सिटीला जावं, याचा विचार करत होती. तेवढ्यात शेजारच्या घरातून अशी एक आरोळी आली की मेपलवरची उरलीसुरली पानंही एका दमात खाली आली. कुंपणावरच्या खारी हातातली अक्रोडं टाकून पळाल्या. दोन रस्ते पलीकडे एक कुत्रा जो भुंकायला लागला, तो म्हणे थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबला नाही.

“मेलो! मेलो रे कुश! इकडे ये! मला सोडून पुढे जाऊ नकोस!”

मरणारा माणूस मराठी आहे एवढं कळल्यावर मंजुषाचे पाय आपोआप धावले. एका हातात फोन, त्यावर पोलिसांच्या नऊ-एक-एकपैकी नऊ आणि एक दाबून झालेले; दुसऱ्या हातात बर्फ उपसायचं नवंकोरं फावडं, दुकानाची चिठ्ठीही न काढलेलं. शेजारचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत घुसली ती थेट दिवाणखान्यात. तिथे रक्त नव्हतं, चोर नव्हता, कुश नावाचाही कुणी नव्हता. सोफ्यावर बनियन घातलेले एक गोल गृहस्थ बसले होते. डोक्याला माकडटोपी, माकडटोपीवर माइकवाला हेडफोन, हातात खेळायचा रिमोट. समोर भिंतीएवढ्या टीव्हीवर एक जाडा सैनिक चिखलात पालथा पडला होता.

गृहस्थांनी फावड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते न उठता म्हणाले, “बसा, बसा. एवढा जिवंत झालो की चहा टाकतो.”

टीव्हीवर एक सडपातळ सैनिक धावत आला, जाड्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एक हिरवं वर्तुळ हळूहळू भरत गेलं. जाडा उठून उभा राहिला.

“झालो,” गृहस्थ म्हणाले. “आलं घालू ना चहात? नागपूरच्या का तुम्ही?”

“हो. पण कसं ओळखलंत?”

“फावडं घेऊन आलात. पुण्याच्या असतात तर आधी फोन करून ‘किती वाजता मरणार’ ते विचारलं असतंत.”

“काका, मी किती घाबरले माहितीये?”

“काका? अहो, बासष्ट वर्षांचा आहे मी.”

“म्हणूनच काका.”

टिपणीसांनी हा घाव पचवला, रिमोट बाजूला ठेवला आणि खरोखरच फार उत्तम चहा केला.

टिपणीस मूळचे सांगलीचे. लग्नानंतर सरलाकाकूंना घेऊन अमेरिकेत आले आणि वूस्टरमधल्या एका विमा कंपनीत कपाटाएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करत त्यांनी तीस वर्षं काढली. ज्या भाषेत ते प्रोग्राम लिहीत, ती नव्या पोरांच्या मते केव्हाच मेली होती. पण रिटायर झाल्यावर कंपनीनं त्यांना दोनदा परत बोलावलं, तेव्हा टिपणीस गावभर सांगत फिरले की भाषा मेली असली तरी तिचा नवरा अजून जिवंत आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माइकनं शिट्टी मारली की सगळ्यांच्या आधी ते स्टेजवर जायचे, आणि ते गेले की शिट्टी थांबायची, कारण माइक बंदच पडायचा. कुणाचा डिशवॉशर, कुणाचा प्रिंटर, कुणाच्या गॅरेजचं दार; ते सगळं दुरुस्त करायचे आणि नंतर मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर त्याचा फोन नंबरही द्यायचे. सरलाकाकू म्हणायच्या, “ह्यांनी हात लावला की वस्तूला आपली लायकी कळते.”

काकूंना जाऊन आता तिसरा हिवाळा होता.

एकुलता एक मुलगा कुश. वूस्टरमध्ये जन्मला, आता पार दुसऱ्या टोकाला, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला, नाटकांच्या आवाजाचं काम बघायचा. कुठल्या नटाचा माइक कधी उघडायचा, पावसाचा आवाज कधी सोडायचा, टाळ्या वाजल्या की काय बंद करायचं. टिपणीसांच्या मते हा छंद होता. पण पगार येत होता म्हणून ते त्याला ‘जॉब’ म्हणायचे.

बापलेकांचं वैर नव्हतं. वैर असतं तर बोलायला विषय तरी असता. सगळी वर्षं फोन काकूंच्या हातात असायचा. अर्धापाऊण तास बोलून झाल्यावर त्या म्हणायच्या, “थांब, बाबांना देते.” मग टिपणीस घसा खाकरून विचारायचे, “बरा आहेस? थंडी आहे? गाडीचं ऑइल बदललंस? बरं, आईला देतो.” एवढ्यावर दोघांचंही छान चाललं होतं. काकू गेल्यावर फोन व्हायचे, नाही असं नाही.

“बरा आहेस?”

“येस.”

“थंडी?”

“रेन.”

“गाडीचं ऑइल?”

“डन, डॅड.”

आणि मग ‘आईला देतो’ म्हणायची जागा यायची. त्या जागेवर दोघेही थांबायचे. थोडा वेळ तसेच थांबून फोन ठेवून द्यायचे.

तेव्हा कुशनंच एका ख्रिसमसला बापाला खेळायचं यंत्र पाठवलं, हेडफोनसकट. दर रविवारी दुपारी, म्हणजे पोर्टलंडच्या सकाळी, दोघांनी मिळून खेळायचं. गेममध्ये एका बेटावर मेलेली माणसं उठून फिरत असत आणि दोन सैनिकांनी त्यांना चुकवत पलीकडच्या बंदरावर पोचायचं असे. टिपणीस आयुष्यात कधी बंदरावर पोचले नाहीत. ते पाण्यात बुडत, झाडावर आपटत, एकदा तर स्वतःच्याच बाँबवर उभे राहून कुशला हाका मारत राहिले. पण बोलायला किती सोपं झालं होतं! “डावीकडे बघ.” “गोळ्या आहेत का?” “थांब, मी आलो.” या घरात इतकी वाक्यं बापानं मुलाशी आणि मुलानं बापाशी पूर्वी कधी बोलली नव्हती. आणि टिपणीस पडले की प्रत्येक वेळी तो सडपातळ सैनिक धावत येऊन शेजारी बसायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. मंजुषाला पुढे पुढे शंका यायला लागली की काका यातले काही वेळा मुद्दाम मरतात.

ती रविवारी दुपारी तिकडे जाऊन बसू लागली होती. तिचा नवरा निमिष नोकरीसाठी जर्सी सिटीतच राहिला होता आणि शनिवार-रविवारी येणार असं ठरलं होतं.

“मग आज आले नाहीत का निमिषराव?” टिपणीस विचारायचे.

“ट्रॅफिक आहे म्हणाला.”

“ट्रॅफिक असतंच,” टिपणीस म्हणायचे आणि आणखी एक कप मांडायचे.

नोव्हेंबरात कुशचा आवाज तुटायला लागला. आधी मधले शब्द गेले, मग वाक्यं गेली, मग एका रविवारी हेडफोनमधून नुसता समुद्राचा आणि मेलेल्यांचा आवाज. फोनवर कुश म्हणाला, “डॅड, युअर नॅट इज स्ट्रिक्ट. वी कान्ट हिअर ईच अदर. जस्ट गूगल इट.”

टिपणीसांना हे ऐकून बरंच वाटलं. “सरला आयुष्यभर सांगत होती, तुम्ही पोराशी फार स्ट्रिक्ट आहात,” ते मंजुषाला म्हणाले. “आता यंत्रानंसुद्धा लेखी दिलं.”

भानगड अशी असते. घरातला राउटर हा दारावरच्या रखवालदारासारखा असतो, आणि त्याच्या या रखवालीचं नाव नॅट. आपण आतून कुणाला काही विचारलं, तर त्याचं उत्तर घेऊन येणाऱ्याला तो आत सोडतो. आपणहून येणाऱ्या अनोळखी माणसाला परत पाठवतो. गेम खेळताना मात्र दुसऱ्याचं यंत्र थेट आपल्या यंत्राशी बोलू बघतं, आणि रखवालदार फारच कडक असेल तर ते बोलणं दाराशीच अडतं. यावर इंटरनेटवरचे जाणकार सांगतात की राउटरला एक दार उघडायला लावा, त्या दाराला नंबर असतो, आणि त्यातून जो येईल त्याला खेळायच्या यंत्राकडे पाठवा म्हणावं. व्हिडिओतला जाणकार बहुधा जांभळ्या दिव्यांच्या खोलीत बसलेला असतो आणि फार भरभर बोलतो. टिपणीसांनी त्याला हळू चालवून, थांबवून, मागेपुढे करून एक दार उघडलं.

आवाज आला नाही. त्यांनी आणखी दारं उघडली. एखाद्या रविवारी कुश चारदोन वाक्यं बोलायचा, आणि टिपणीसांना वाटायचं की मंगळवारी उघडलेल्या दाराचा गुण आला. पुढच्या रविवारी पुन्हा शांतता. मग ते आणखी उघडायचे. औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवावा तसं चाललं होतं. शेवटी डिसेंबरात त्यांना राउटरमध्ये असं एक बटण सापडलं की सगळी दारं एकदमच सताड. बाहेरून जो कोणी येईल, कुठूनही येईल, काहीही मागेल, त्याला सरळ खेळायच्या यंत्राकडे पाठवून द्यायचं.

ही बातमी त्यांनी मंजुषाला चहाबरोबर, नवीन बिस्किटं दाखवावीत तशी दाखवली. मंजुषाचं काम काय? बॉस्टनच्या एका बँकेच्या लोकांना घरबसल्या दिवसभर ओरडून सांगायचं की दारं बंद करा, कुलपं लावा, कुणालाही आत घेऊ नका. तिच्या हातातला कप तिरका झाला.

“काका! सगळं उघडलंत? सगळं?”

“सुट्टं सुट्टं कोण उघडत बसणार? होलसेलमध्ये उघडलं.”

“अहो, बाहेर सतत यंत्रं फिरत असतात. जगातल्या एकेक घराची दारं वाजवत. उघडं दिसलं की आत काय आहे ते बघतात, जुनं काही असलं, पासवर्ड सोपा असला की घुसतात.”

“घुसू देत. तिथे काय मिळणार? माझा जाड्या. तोही बहुतेक वेळ मेलेलाच असतो.”

“बंद करा.”

“आणि कुशचा आवाज?”

मंजुषानं तरीही बंद करायला लावलं, टिपणीसांनी केलं, त्या रविवारी आवाज आला नाही, आणि सोमवारी तिला त्यांचा चेहरा बघूनच कळलं की यांनी पुन्हा उघडलंय. मधुमेहवाला माणूस जिलबी खाऊन येतो तेव्हा त्याचा चेहरा असतो तसा तो चेहरा होता.

“बरं, ठेवा उघडं,” ती हरून म्हणाली. “पण निदान राउटर त्या यंत्राला जो नंबर देतो, तो तरी कायमचा बांधून ठेवा. नंबर बदलला तर घोळ होईल.”

“बदलेल कसा? यंत्र टीव्हीखालून हलत नाही.”

“काका, नंबर जागेला नसतो. बांधा.”

“बांधतो,” टिपणीस म्हणाले. ज्या सुरात नवरे ‘माळा आवरतो’ म्हणतात, त्या सुरात.

फेब्रुवारीत टिपणीसांची भाची यामिनी हिच्या मुलाचं जर्सी सिटीला बारसं होतं. टिपणीस निघाले. आता इथे सरलाकाकूंचा एक कायदा सांगायला हवा. गावाला जायचं तर घर ‘नीट’ बंद करायचं. नीट म्हणजे नळ, गॅस, खिडक्या तर खरंच, पण भिंतीतल्या झाडून सगळ्या पिना उपटायच्या. टीव्हीची, टोस्टरची, घड्याळाची, इंटरनेटची. माणूस घरात नाही आणि वीज आत आहे, हा विचार काकूंना सहन होत नसे. अमेरिकेत आल्यावर निम्म्या सवयी गळून पडल्या, पण ही नाही. फ्रिज आणि हीटिंग, ते पाइप गोठू नयेत म्हणून, एवढ्यालाच माफी. काकू असताना टिपणीस याची टिंगल करायचे. “तुमच्या काकू कैलासाला गेल्या तर आधी सूर्याची पिन काढतील.” आता ते स्वतः एकेक पिन काढत खोल्याखोल्यांतून फिरायचे आणि प्रत्येक पिनेला मोठ्यानं म्हणायचे, “काढली गं.” मंजुषा किल्ली घ्यायला आली होती, तिनं हे ऐकलं आणि ती बाहेरच पायरीवर उभी राहिली.

चार दिवसांनी टिपणीस परत आले, पेढे दिले, बाळ मामांवर गेलंय म्हणून सांगितलं, आणि घराच्या पिना परत लावल्या. राउटरच्या पाठोपाठ पहिली पिन सरलाच्या डब्याची.

हा डबा म्हणजे एक काळी पेटी. स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्याशेजारी. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात साठवलेले. कुशच्या जन्मापासून प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक शाळेचा कार्यक्रम काकूंनी स्वतः चित्रित केला होता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे एवढ्या वर्षांच्या व्हिडिओंत काकू कुठेच दिसत नसत. फक्त त्यांचा आवाज असे. “कुश, इकडे बघ.” “अहो, मधून सरका.” “कुश, हात हलव ना रे.”

त्या आठवड्यात एका दुपारी टिपणीसांना कुशचं दुसरीतलं नाटक बघावंसं वाटलं. त्यात कुश झाड झाला होता. त्यांनी व्हिडिओ उघडला, तो उघडला नाही. दुसरा उघडेना. प्रत्येक नावापुढे कसलीशी अगम्य अक्षरं चिकटली होती, आणि प्रत्येक कप्प्यात एक सारखाच सभ्य इंग्रजी मजकूर. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असल्यास पैसे अमुक मार्गानं पाठवावेत.

मंजुषाच्या दारावरची बेल वाजली. टिपणीसांनी तिच्याकडे बेल वाजवायची ही पहिलीच वेळ. एरवी ते रस्त्यावरूनच हाक मारायचे. ते बर्फातून नुसत्या मोज्यांवर आले होते.

तिनं जाऊन सगळं तपासलं. टिपणीस शेजारी उभे होते, काही दुरुस्त न करता.

“काका, दवाखान्यात कंपाउंडर टोकन देतो ना, तसं राउटर एकेका यंत्राला नंबर देतो,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही सगळ्या पिना काढल्यात, सगळे पेशंट उठून गेले. परत आलात तेव्हा पहिल्यांदा डबा लावलात. त्याला जे टोकन मिळालं ते पूर्वी गेमच्या यंत्राचं होतं.”

तीस वर्षं कॉम्प्युटरवर काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

“म्हणजे सगळ्या जगाला मी सांगून ठेवलं होतं, त्या टोकनवाल्याकडे जा.”

“हो.”

“आणि तिथे सरला बसली होती.”



“पासवर्ड काय होता डब्याचा?” मंजुषानं विचारलं.

“तिचंच नाव. आणि जन्मसाल.”

“दुसरी प्रत आहे का कुठे?”

“आहे ना,” टिपणीस म्हणाले. मग डब्याकडे बोट दाखवत, “त्याच डब्यात. वेगळ्या कप्प्यात.”

विमा कंपनीत या माणसानं तीस वर्षं रोज सगळ्या नोंदींच्या प्रती काढून दुसऱ्या इमारतीत पाठवल्या होत्या. हे त्यांनी तिला चहावर कितीदा सांगितलं होतं; दोघांनाही ते आठवलं, आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

“पैसे दिले तर?”

“देऊ नका. देऊनही मिळतंच असं नाही. डबा बंद करून ठेवून देऊ, पुढेमागे कुणाला कुलूप उघडायची युक्ती सापडतेही.” आणि ती राउटरचं एकेक दार बंद करायला लागली.

टिपणीस बघत होते. निम्मी बंद झाल्यावर म्हणाले, “मंजुषा, मग रविवारी?”

तिनं मागे वळून पाहिलं. तिला वाटत होतं माणूस डब्याच्या दुःखात आहे. डब्याचं दुःख होतंच. पण ज्यासाठी डबा गेला, ते तरी शिल्लक राहील ना, हे ते विचारत होते.

“रविवारी मी येते,” ती म्हणाली.

रविवारी निमिषला ट्रॅफिक होतं. मंजुषा वेळेआधीच जाऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. टिपणीसांनी माकडटोपी घातली, हेडफोन चढवला, जाड्या आणि सडपातळ दोघे बेटावर उतरले. आवाज नाही.

“बघ,” टिपणीस म्हणाले. “दारं बंद, बोलणं बंद.”

मंजुषा आज पहिल्यांदाच टीव्हीच्या कोपऱ्यात नीट बघत होती. तिथे कुशचं नाव होतं आणि नावापुढे एवढासा माइक. माइकवर तिरपी रेघ. हे चिन्ह ती रोज बँकेच्या मीटिंगमध्ये बघायची. नेटवर्क बिघडलं की ते येत नाही. माणूस स्वतः बटण दाबतो तेव्हा येतं.

“कुश, तुझ्या डाव्या हाताला पाणी आहे रे, सांभाळ,” टिपणीस म्हणाले. ऐकू जात नाही हे माहीत असूनही ते दर रविवारी असे अखंड बोलत असत. न बोलता मरणं त्यांना जमत नसे.

सडपातळ सैनिक डावीकडे वळला, पाण्याच्या कडेनं सावकाश गेला.

मंजुषाच्या लक्षात आलं आणि तिला एकदम उठून बाहेर जावंसं वाटलं. ऐकू जात होतं. सगळं जात होतं. दिवसभर दुसऱ्यांचे माइक उघडणारा मुलगा रविवारी आपला बंद करून बापाची बडबड ऐकत बसत होता, कारण ऐकायला काही सुचावं लागत नाही. दारांचा आणि आवाजाचा काही संबंधच नव्हता; नॅट हे नुसतं निमित्त होतं.

“काका,” ती म्हणाली.

“थांब. आज त्याला सांगून टाकतो. ऐकू येत नाही तोवर सांगितलेलं बरं. एकदा तोंडातून काढून बघतो, मग फोनवर नीट सांगेन.”

“काका, अहो एक मिनिट—”

“कुश,” टिपणीस टीव्हीला म्हणाले, “आईचा डबा गेला रे. सगळे व्हिडिओ. तू झाड झाला होतास तो, आणि गाडी शिकलास तो, सगळेच. चोरांनी नाही नेले, मीच दारं उघडी ठेवली. तुझा आवाज यावा म्हणून ठेवली होती. तिचा आवाज त्यात होता ते ध्यानात आलं नाही माझ्या.”

सडपातळ सैनिक चालता चालता थांबला. जागीच उभा राहिला. झाडांमधून दोन मेलेली माणसं हळूहळू त्याच्याकडे आली, तरी तो हलला नाही. त्यांनी त्याला धरला आणि तो पडला.

“अरे!” टिपणीस ताडकन उभे राहिले. “हा पडला! हा कधी पडत नाही! मंजुषा, काय करायचं?”

“उठवा त्याला!”

“कसं? मी कधी कुणाला उठवलेलंच नाही! मलाच उठवतात!”

“जवळ जा, चौकोन दाबा! चौकोन!”

जाड्या आधी झाडावर आपटला, मग त्यानं आकाशात गोळी मारली, मग उडी मारली, मग बसला, उठला, चिलखत काढून टाकलं. टिपणीसांनी रिमोटवरचं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि शेवटी त्यांना चौकोन सापडला. जाड्या त्या मुलाशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हिरवं वर्तुळ भरायला लागलं. टिपणीसांनी अंगठा इतका दाबून धरला होता की नख पांढरं पडलं.

सैनिक उठला. कोपऱ्यातल्या माइकवरची रेघ गेली.

“आय कॅन हिअर यू, बाबा,” हेडफोनमधून आवाज आला. इतका स्वच्छ की सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मंजुषालाही ऐकू गेला. “आय ऑल्वेज कुड.”

टिपणीसांनी हेडफोन कानांवर सारखा केला. ऑल्वेज म्हणजे कधीपासून, हे विचारावं की नाही याचा बहुधा ते विचार करत असावेत. त्यांनी विचारलं नाही.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मग समोर तो कोण उभा आहे, हिरवा?”

“दॅट्स अ ट्री, डॅड.”

दोघेही पुढे निघाले. मंजुषा आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली.

त्यानंतर रविवारी कुश बोलायचा. दर रविवारी नाही, पण बोलायचा. डब्यातला एकही व्हिडिओ उघडला नाही. ऑगस्टात, खेळणारे फारसे उरले नाहीत म्हणून, गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले, आणि दुसरा गेम घ्यायचं दोघांचंही राहून गेलं.